मृतांच्या दफ्तरातून जिवंतांचे भाकीत

ज्याचे कागद उरले तोच काळाचा प्रतिनिधी ठरतो, ज्याचे उरले नाहीत तो जणू नव्हताच; साधनांच्या चिकित्सेतली ही पहिली अडचण आम्ही वाङ्मयेतिहासाच्या तासाला वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. ती एखाद्याच्या काळजाला कशी भिडते, हे मात्र आमच्यापैकी एकीच्या आजारपणात कळले. तिच्या संमतीने लिहितो आहोत.

वय 44. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात असताना छातीत कळ आली. पहिल्या दवाखान्यात पित्ताची गोळी देऊन घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली तेव्हा आढळले की, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीचे आतले अस्तर आपोआप फाटून भिंतीच्या थरांत रक्त शिरले आहे. पुढचा प्रवाह जवळजवळ थांबला होता, म्हणून स्टेंट घालावा लागला. घरी आल्यावर अभ्यासकाच्या खोडीने तिने या आजारावरचे जुने लेखन मिळवले, आणि ती घाबरली. त्या लेखनातल्या बहुतेक साऱ्या बायका मरतात.

याचे कारण त्या लेखनाच्या उगमातच आहे. या आजाराची पहिली नोंद 1931 मधली, प्रेटी या ब्रिटिश डॉक्टरांची: 42 वर्षांची स्त्री, आणि निदान शवविच्छेदनानंतरचे. पुढची कित्येक दशके माहिती मुख्यतः त्याच मेजावरून येत राहिली. छातीत कळ येऊन महिनाभर अंथरुणाला खिळलेली आणि मग उठून पुन्हा चुलीपुढे बसलेली बाई दफ्तरात शिरणार तरी कशी? तिची नस कोणी पाहिलीच नव्हती. हा आजार बहुधा मारतो, हे विधान वास्तविक ज्यांना त्याने मारले त्यांच्यापुरतेच खरे होते.

गंमत अशी, की हृदयविकाराच्या इतिहासात हीच चूक एकदा दुरुस्त होऊन गेली होती. रोहिणी एकाएकी तुंबली म्हणजे सारे संपले, हा समजही शवविच्छेदनांनीच पोसलेला. अशा रुग्णांपैकी काही जगतात, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1912 मध्ये मांडले. जगणाऱ्यांचे करायचे काय, याला उत्तर मिळाले ते आठवडेच्या आठवडे सक्तीच्या अंथरुणाचे. लेव्हाइन आणि लॉन यांनी 1952 मध्ये रुग्णांना खुर्चीत बसवून पाहिल्याचा अहवाल दिला. बसवल्याने ती माणसे दगावली नाहीत. आज एवढ्याशा गोष्टीचे नवल वाटत नाही, पण तेव्हा ते धाडस होते.

मेसन सोन्स यांच्या 1958 मधल्या कामापासून जिवंत माणसाच्या हृदयाच्या रोहिण्या चित्रात दिसू लागल्या. ग्रुंट्झिग यांनी 1977 मध्ये झुरिकला फुग्याने रोहिणी रुंदावली, तर 1986 मध्ये प्युएल आणि सिग्वार्ट यांनी माणसाच्या हृदयाच्या रोहिणीत पहिले स्टेंट बसवले. (स्टेंट हे नाव चार्ल्स स्टेंट या लंडनच्या दंतवैद्याकडे जाते. त्याने दातांचे ठसे घेण्याचा लगदा सुधारला होता. भाषेच्या माणसांना हे सांगितल्यावाचून राहवत नाही.) पण अँजिओग्राफीत दिसते ती वाहत्या रक्ताची सावली, भिंत नव्हे. त्यामुळे फाटलेल्या कित्येक रोहिण्या साध्या अरुंद म्हणून नोंदल्या गेल्या असाव्यात. भिंतीच्या आत पाहण्याची साधने पुढे आली.

दफ्तर खऱ्या अर्थाने पालटले ते रुग्णांमुळे. इंटरनेटवर एकमेकींना शोधून काढलेल्या बायकांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. शॅरॉन हेज यांना गाठले आणि आमचाच अभ्यास करा, असे सुचवले. त्यातून 12 जणींचा प्राथमिक अभ्यास 2011 मध्ये छापून आला. तो आकाराने लहान खरा, पण त्यातल्या साऱ्या बोलत्या होत्या. मोठ्या नोंदवह्या नंतर उघडल्या. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2018 च्या निवेदनात चित्र वेगळेच आहे: बहुतेक रुग्ण वाचतात, आणि फाटलेली रोहिणी बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत आपली आपण सांधते. म्हणून प्रवाह टिकून असेल तर स्टेंट टाळतात; तो घालताना थरांत साकळलेले रक्त पुढे सरकून चीर वाढू शकते. आमच्या मैत्रिणीच्या बाबतीत टाळणे शक्य नव्हते.

हा आजार उलटू शकतो, हे नव्या नोंदीही सांगतात, आणि ते तिला कोणी लपवलेले नाही. रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या, रोजचे चालणे, जड वजन उचलायचे नाही. जिना चढताना ती अजूनही मध्येच थांबून स्वतःच्या छातीकडे कान देते. ही सवय किती दिवसांत जाते, ते एकाही अहवालात तिला सापडलेले नाही. जुन्या लेखांच्या झेरॉक्स प्रती तिने फाडल्या नाहीत. वाङ्मयेतिहासाच्या पहिल्या तासाला त्या ती वर्गात नेते, आणि खुर्चीत बसून वाचून दाखवते.