विद्युन्मापकांतील विसरलेला घट

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काजळी नदी अरबी समुद्रास मिळते. त्या खाडीपलीकडे भाट्ये हें गांव आहे. तेथील सुरूच्या बनांतून येणारा वारा कितीही सुखद असला, तरी तो मीठ घेऊन येतो, आणि पावसाळ्यांत हवेंतील ओल घराघरांत शिरून बसते. दाराच्या कडीस चढलेला गंज सर्वांस दिसतो. पण कपाटांतील जुन्या, कांट्याच्या विद्युन्मापकाच्या झांकणाआड काय चाललें आहे, तें कोणास कळत नाहीं. त्या नासधुशीस समुद्राची हवा हातभार लावते. मूळ मात्र घटाच्या घडणींतच आहे.

१८६६ सालीं फ्रान्सच्या जॉर्ज लक्लांशे यानें जस्त, कार्बन, मँगनीज डायऑक्साइड व नवसागराचें पाणी यांचा घट सिद्ध केला. वीस वर्षांनीं जर्मनींत कार्ल गास्नर यानें तें पाणी लगद्यांत कोंडलें आणि जस्ताचेंच भांडें केलें. घट कोरडा झाला, कोठेंही नेतां येऊं लागला. पण हानीचें बीजही तेव्हांच पडलें. वीज देतांना जें जस्त झिजतें, तेंच घटाची भिंत! घट नुसता पडून राहिला तरी ती हळूहळू झिजते, आणि भोक पडलें कीं आंतील आम्लधर्मी लगदा बाहेर येतो.

याच काळांत, १८८२ सालीं, दार्सोनव्हाल व देप्रे यांनीं चुंबकाच्या ध्रुवांमध्यें फिरणाऱ्या गुंडाळीचें मापक बनविलें. पुढें १९२३ मध्यें इंग्लंडच्या टपाल खात्यांतील अभियंता डोनाल्ड मॅकाडी याच्या कल्पनेंतून अँपियर, व्होल्ट व ओम एकाच पेटींत मोजणारें ‘ॲव्हो’ मापक आलें. त्याचा १९५१ चा आठवा नमुना २००८ पर्यंत तयार होत होता. महाराष्ट्रांत नाशिकच्या मोटवाने कंपनीनेंही अशीं मापकें बनविलीं.

या मापकांत व्होल्ट मोजतांना कांटा बाहेरच्या विजेनेंच हलतो. ओम मोजतांना मात्र स्वतःचा घट लागतो. म्हणून घट मेला तरी व्होल्टचें काम चालू राहतें, आणि मेलेला घट वर्षानुवर्षें आंत विसरला जातो. त्यांतून पाझरलेले क्षार हवेंतील ओल शोषतात. भाट्यासारख्या ठिकाणीं ते सहसा सुकतच नाहींत, आणि धातु खात राहतात.

दुरुस्तीपूर्वीं घटाची जात ओळखावी. नवसागराच्या घटाचा पाझर आम्लधर्मी असल्यानें त्यास खाण्याच्या सोड्याचें पाणी लागतें. १९५९ च्या सुमारास बाजारांत आलेल्या अल्कलाइन घटांत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतें. हवेच्या संसर्गानें त्याची पांढरी भुकटी बनते. तिच्यावर शिर्का किंवा लिंबाचा रस चालतो. हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्यानें, थोडथोडें पुसावें. मग शुद्ध पाण्याचा बोळा व शेवटीं स्पिरिट. द्रव कांट्याच्या गुंडाळीकडे जाऊं देऊं नये. गंजलेली पट्टी बाहेर काढूनच घासावी. कारण लोखंडाचा कीस चुंबकाच्या फटींत गेला, तर कांटा अडकतो. अल्कली तारेच्या वेष्टनाखालूनही सरकते. काळ्या पडलेल्या तांब्यावर कथलाचा डाग बसत नाहीं. अशी तार चकचकीत भागापर्यंत कापून नवी जोडावी.

नवा घट घालून दोन्ही टोकें एकमेकांस लावावीं. कांटा शून्यावर येऊन स्थिर राहिला, तर जोड शुद्ध झाला असें समजावें. थरथरला, तर क्षार अजून कोठें तरी उरला आहे. नंतर ठाऊक असलेल्या रोधकांवर मापन पडताळावें.

आठवा नमुना आतां बनत नाहीं. त्यामुळें एक मापक गमावलें कीं तें कायमचें गेलें. वापरानें झिजलेलीं यंत्रें थोडीं, विस्मरणानें नासलेलीं पुष्कळ. मापक कपाटांत ठेवण्यापूर्वीं घट बाहेर काढावा, एवढी काळजी घेतली तर त्याची वृद्धावस्था दीर्घ होते.