दप्तरातील उमेदवारी

पेशवाईत कारकून घडविण्यासाठी सरकारने स्वतंत्र शाळा काढलेली नव्हती, आणि तिची उणीव कोणास भासलीही नाही. पंतोजीपुढे धुळाक्षरे गिरवून, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतची उजळणी मुखोद्गत करून बाहेर पडलेला मुलगा, एखाद्या आप्ताच्या शिफारशीने कचेरीत येऊन बसे आणि वेतनाची आशा न धरता जाणत्या कारकुनाच्या हाताखाली पडेल ते काम करू लागे. या बसण्यासच उमेदवारी म्हणत.

बोरू तासावा, शाई घोटावी, रुमाल सोडावेत आणि पुन्हा बांधावेत, ही प्रारंभीची कामे हलकी दिसत खरी; परंतु रुमाल बांधता बांधता कोणता कागद कोणत्या महालाचा आणि कोणत्या सालचा हे ज्याला उमगे, तोच पुढे नकलेस बसविण्यायोग्य ठरे. नक्कल मोडीची. आधी कागदावर आडवी रेघ आखावयाची, मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरे लोंबवीत न्यावयाची, आणि वरिष्ठाने मूळ कागदाशी ताडून रुजू म्हणेपर्यंत हात जोडून उभे राहावयाचे. लिहिणाऱ्यास 'अखंडितलक्ष्मी अलंकृत राजमान्य' कोणास आणि केवळ 'राजश्री' कोणास, हे मायन्याचे तारतम्य असावे लागे. हेमाडपंताच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकांत त्याचे नियम असले तरी ते हाती बसत ते शेकडो पत्रे उतरविल्यानंतरच.

कालगणनेचा घोळ याहून बिकट होता. तिथी चांद्र मासाची, वर्ष सुहूर सनाचे, आणि तेही अंकांत न लिहिता अरबी शब्दांत. 'इसन्ने तिसैन मया व अलफ' असे वाचताच दोन, नव्वद, शंभर व हजार यांची बेरीज करून 1192 हा सन, म्हणजे इसवी 1791-92, उमेदवाराच्या ध्यानी यावा अशी अपेक्षा असे. मृगसाली वर्ष पालटते हे विसरून ज्येष्ठातील कागद आदल्या सालच्या रुमालात बांधणाऱ्याची काय शोभा होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. एकबेरीज दप्तरात तर रोजकीर्दीवरून खतावणी आणि खतावणीवरून ताळेबंद असा हिशेबाचा प्रवाह वाहत असल्यामुळे, एका ठिकाणी चुकलेला आणा वर्षअखेर सगळ्यांना जागवीत असला पाहिजे.

या शिस्तीचे श्रेय बव्हंशी नाना फडणविसांस दिले जाते आणि ते यथार्थ आहे. पण वडिलांच्या मृत्यूनंतर फडणविशी अंगावर आली तेव्हा स्वतः नाना जेमतेम चौदा वर्षांचे होते, आणि त्यांचे शिक्षणही पुष्कळसे कामातच झाले, हे सहसा कोणी सांगत नाही. आपणांस आवडते ती बाळाजी आवजी चिटणिसांची आख्यायिका: शिवाजी महाराजांनी सांगितलेला मसुदा लिहावयाचा राहून गेला असता, कोऱ्या कागदावरून तो घडाघडा वाचून दाखविल्याची. आख्यायिका सोज्ज्वळ आहे. मात्र कोरा कागद वाचता येण्यापूर्वी किती भरलेले कागद हाताखालून गेले असतील, तिकडे तिचे लक्ष नाही.

1818 साली राज्य गेले, उमेदवारी गेली नाही. कंपनी सरकारच्या मामलेदार कचेऱ्यांतून एखादी कारकुनाची जागा रिकामी होण्याची वाट पाहत उमेदवार वर्षानुवर्षे फुकट राबत, अव्वल कारकुनाची मर्जी सांभाळीत आणि त्याच्या घरची कामेही करीत. 1854 च्या शिक्षणविषयक खलित्याने सरकारी नोकरीत सुशिक्षितांस अग्रक्रम द्यावा असे ठरविल्यावर पुढे परीक्षांचे दाखले आले. तरी दाखला घेऊन आलेल्यास जमाबंदीचा तक्ता कसा भरावा हे शेजारच्या वृद्ध कारकुनासच विचारावे लागे.

ही पद्धत निर्दोष होती असे मात्र म्हणवत नाही. बिनपगारी शिकावयाचे तर तोवर जेवू घालणारे घर हवे, आणि कचेरीत आधीपासून बसलेला मामा हवा. ज्याच्या घरी नांगर चालल्याखेरीज चूल पेटत नसे, त्याच्या मुलास ही वाट मुळात उघडीच नव्हती. जोतीराव फुल्यांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कुळकर्णी आणि कामगार भटांवर जो आसूड ओढला, त्यामागे ही बंद वाट होती. दप्तराची विद्या थोड्या घराण्यांत साठली आणि बाकीच्यांस आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला.

कोल्हापुरास छत्रपती शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, तेव्हा लायक माणसे कोठून आणणार, अशी हाकाटी झाली. ती करणाऱ्यांच्या आज्या-पणज्यांना तरी लायकी कचेरीबाहेर कोठे मिळाली होती? पुढे 1918 मध्ये महाराजांनी कुळकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले, आणि ज्या घरांत पूर्वी कोणी बोरू धरला नव्हता त्या घरांतले तरुणही पीकपाण्याची नोंद करता करता, चुका दुरुस्त करवून घेता घेता, ते काम शिकू लागले. आता फरक एवढाच की शिकण्याच्या दिवसांतही त्यांना दरमहा पगार मिळत होता.