रिटर्न भरायचे किती घेता?

जुलैत मालवणचा धंदा थंड असतो. १ जूनपासून यांत्रिक मासेमारीला बंदी, तारकर्लीच्या पर्यटन बोटी किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, न्याहारी निवासांच्या खोल्यांना कुलपं. कागदपत्रांकडे बघायला माणसाला सवड मिळते ती याच दिवसांत. बहुतेक वर्षी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते आणि पगारदार-पेन्शनरांच्या आयकर रिटर्नची मुदतही त्याच दिवशी. मग सल्लागाराच्या ऑफिसात, सेवा केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात एकच प्रश्न ऐकू येतो: रिटर्न भरायचे किती घेता? उत्तर दारोदार बदलतं. सरकारी पोर्टलवर तेच काम फुकट होतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तरी लोक पैसे मोजतात आणि त्यात वेडेपणा काही नाही. मात्र पैशांखेरीज आपण त्या टेबलावर आणखी काय ठेवून येतो, ते कुठल्याच बिलात लिहिलेलं नसतं. त्या दुसऱ्या किमतीचा माग काढायला बरंच मागे जावं लागतं.

कर देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तिसरा माणूस असणं कोकणाला नवं नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं. त्या जुन्या जिल्ह्यातल्या खोती गावांत कुळानं खोताला द्यायचं आणि खोतानं सरकारचा सारा भरायचा, अशी रीत होती. हिशेबाचं दप्तर खोताच्या घरात. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. मधल्या माणसाची फी किती, यापेक्षा दप्तर कुणाकडे, हा प्रश्न मोठा असतो, हे इथल्या कुळांना संगणक येण्याच्या कितीतरी आधी समजलं होतं.

आयकर आला तो १८६० साली. १८५७ च्या धामधुमीत रिकामी झालेली तिजोरी भरायला ब्रिटिश सरकारचा इथला अर्थसदस्य जेम्स विल्सननं तो आणला. वर्षाला २०० ते ५०० रुपये कमावणाऱ्याला २ टक्के, त्यावर ४ टक्के. शेतीचं उत्पन्नही त्यात धरलेलं होतं. पुढे १८८६ च्या कायद्यानं शेती वगळली आणि ती सवलत अजून चालू आहे. मालवणच्या किनाऱ्यावर याचा परिणाम गमतीचा होतो. आंबा, काजू, नारळ, सुपारी कराबाहेर. समुद्रातून आलेली सुरमई कराच्या आत, कारण मासेमारी म्हणजे शेती नव्हे. हापूस विकला तर शेती, त्याच बागेतल्या कोकमाचं सरबत बाटलीत भरून विकलं तर धंदा. एकाच घराची मिळकत अशी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना पडते.

या भागातल्या बहुतेक घरांचा आयकराशी कित्येक दशकं संबंधच आला नाही. मुंबईच्या चाकरमान्याचा कर कापला गेलाच तर तो पगारातून परस्पर. रिटर्न भरायचं व्यापाऱ्यानं, डॉक्टरनं, कंत्राटदारानं, ट्रॉलरमालकानं. त्यांच्यासाठी इन्कम टॅक्सचे वकील होते आणि १९४९ च्या कायद्यानंतर चार्टर्ड अकाउंटंट. वर्षभराची बिलं, पासबुकं, विम्याच्या पावत्या एका पिशवीत भरून त्यांच्याकडे द्यायच्या आणि काम झालं की पिशवी परत आणायची. आयकर अधिकाऱ्यांनी करदात्याची माहिती फोडू नये असं बंधन १९२२ च्या कायद्यातही होतं. सल्लागाराला मात्र बांधून ठेवायची ती मुख्यतः गावातली पत. फी जास्त वाटली तरी सौदा साधा होता: कागद त्याच्याकडे गेले तरी सही आपलीच असायची.

१९९० च्या दशकात सरकारला नवे करदाते हवे झाले. १९९५ पासून नव्या पद्धतीचा दहा अक्षरांचा पॅन आला. घरात फोन, गाडी, क्रेडिट कार्ड अशा सहा खुणांपैकी एक जरी असली तरी रिटर्न भरा, असा नियम शहरांत आला. तो २००६ साली मागे घेतला गेला. याच काळात एका पानाचा ‘सरल’ फॉर्म आला. पेन आणि फॉर्म सोळा, म्हणजे मालकानं दिलेला पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, हाताशी असला की पगारदार माणूस जेवणाच्या टेबलावर बसून तो भरू शकत होता. घरच्या घरी रिटर्न भरण्याची खरी सुरुवात या कागदापासून झाली, संगणकापासून नव्हे.

पुढे लागोपाठच्या दोन वर्षांत दोन गोष्टी घडल्या आणि आजची सगळी घडी त्यातूनच बसली. २००६ साली सरकारनं टॅक्स रिटर्न प्रिपेअरर योजना काढली. पदवीधर तरुणांना प्रशिक्षण द्यायचं, त्यांनी लोकांची रिटर्न भरायची आणि गिऱ्हाइकाकडून जास्तीत जास्त २५० रुपये घ्यायचे. नवा करदाता आणला तर त्यानं भरलेल्या कराच्या पहिल्या वर्षी ३, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी १ टक्का सरकारकडून. शिवाय रिटर्नच्या फॉर्मवर त्या तरुणाचं नाव आणि ओळख क्रमांक लिहायला चौकट होती. किंमत ठरलेली आणि भरणाऱ्याचं नाव कागदावर: ग्राहकाच्या दृष्टीनं इतकी स्वच्छ व्यवस्था पुढे फारशी दिसली नाही. योजना हळूहळू विस्मरणात गेली.

दुसरी गोष्ट २००७ ची. नवे आयटीआर फॉर्म आले आणि त्यांना काहीही जोडायचं नाही असं ठरलं. विम्याची पावती घरी, भाडेपावती घरी, फॉर्म सोळाही घरी. कागदांचा प्रवास थांबला, गोपनीयतेच्या दृष्टीनं ते उत्तमच झालं. पण पुरावा जोडायचा नाही म्हटल्यावर लिहिलेला आकडा हाच तूर्त पुरावा ठरला. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्यांना वाट मिळाली ती इथे.

२००९ मध्ये बंगळुरूला केंद्रीय प्रक्रिया केंद्र सुरू झालं. रिटर्न ऑनलाइन जाई, पण ज्यांच्याकडे डिजिटल सही नसे त्यांना आयटीआर-व्ही नावाचं एक पान छापून, सही करून, १२० दिवसांत टपालानं तिकडे पाठवावं लागे. पान ज्या पीडीएफमध्ये येई तिला पासवर्ड असे: छोट्या अक्षरांत पॅन आणि त्यापुढे जन्मतारीख. या कुलपाकडे नीट बघा. पॅन आणि जन्मतारीख या दोन गोष्टी बँकेकडे, विमा एजंटाकडे, सिमकार्डवाल्याकडे आणि पॅनकार्डाची झेरॉक्स काढणाऱ्याकडेही असतात, कारण कार्डावर दोन्ही छापलेल्या आहेत. वर्षभराच्या व्यवहारांचा गोषवारा देणाऱ्या एआयएसच्या पीडीएफलाही हाच पासवर्ड आहे. फाइल चुकीच्या माणसाच्या हाती पडली तर हा पासवर्ड तिला वाचवणार नाही.

फाइल तयार करायची अवजारं सरकारच फुकट देई. एक्सेलची युटिलिटी उघडली की आधी मॅक्रो चालू करा असं सांगे. जावाच्या युटिलिटीला संगणकावर योग्य आवृत्तीचं जावा लागे. घरात तसा संगणक नसेल तर सायबर कॅफे. म्हणजे अवजार फुकट, पण ते चालवायची जागा दुसऱ्याची, आणि पगाराचे आकडे असलेली फाइल त्या कॅफेच्या डाउनलोड फोल्डरात राहून जाई. २०१५ पासून आधारच्या ओटीपीनं किंवा नेट बँकिंगमधून पडताळणी होऊ लागली आणि बंगळुरूचं टपाल सुटलं. पडताळणीची मुदत २०२२ पासून ३० दिवसांवर आली. सोय मोठी झाली, त्याबरोबर सहीचं वजन मात्र उतरलं. कुणी आपली सही गिरवली तर आपण पोलिसांत जाऊ. सहा आकडे मात्र फोनवर सहज वाचून दाखवतो. ‘ओटीपी इलो हा, सांगू काय?’ ‘सांग मगे.’ इतक्या दोन वाक्यांत रिटर्नवर सही झालेली असते, आत काय लिहिलंय ते न बघता.

खाजगी ऑनलाइन सॉफ्टवेअर पसरलं ते बंगळुरूच्या टपालाच्या काळातच. २०११ साली सुरू झालेलं क्लिअरटॅक्स हे त्यातलं ठळक नाव. फॉर्म सोळाची पीडीएफ चढवा, आकडे आपोआप भरले जातात, ही त्यांची सोय. हा धंदा पुढे कुठे जातो हे पाहायला न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी घरांचा अनुभव उपयोगी आहे. तिथे १९८० च्या दशकापासून टर्बोटॅक्ससारखी सॉफ्टवेअर लोक विकत घेतात. २००२ साली कंपन्यांनी सरकारशी करार केला: कमी उत्पन्नवाल्यांना आम्ही फुकट देऊ, सरकारनं स्वतःचं सॉफ्टवेअर काढू नये. २०१९ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेनं उघड केलं की फुकटच्या हक्कदारांना पैशांच्या आवृत्तीकडे वळवलं जात होतं. २०२२ मध्ये टर्बोटॅक्सच्या इंट्युट कंपनीनं १४.१ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट बाहेर आली: काही कर सॉफ्टवेअरांच्या पानांवर फेसबुकच्या मालक कंपनीचा ट्रॅकर बसवलेला होता आणि करदात्यांची माहिती तिकडे जात होती. सरकारनं २०२४ मध्ये १२ राज्यांत स्वतःची मोफत सोय करून पाहिली, पण ती टिकली नाही.

आपल्याकडे उलट झालं. सरकारी सोय मोफत राहिली आणि सुधारत गेली. ७ जून २०२१ ला नवं पोर्टल आलं तेव्हा ते इतकं अडखळत होतं की अर्थमंत्र्यांनी ते बनवणाऱ्या इन्फोसिसच्या प्रमुखांना बोलावून घेतलं आणि मुदत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. आता पगार, व्याज, लाभांश, कापलेला कर हे आकडे तिथे आधीच भरलेले येतात. सरकारी म्हणून ते अभेद्य आहे असंही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये टेकक्रंचनं दिलेल्या बातमीनुसार, पोर्टलवर लॉगिन केलेल्या माणसाला आपल्या पॅनच्या जागी दुसऱ्याचा पॅन घालून त्याची माहिती पाहता येईल अशी त्रुटी सापडली होती; ती नंतर बुजवण्यात आली. पोर्टलवरची माहिती तशीही तिथे असणारच. खाजगी ॲपमध्ये तिची आणखी एक प्रत तयार होते, आणि सल्लागाराच्या संगणकात आणखी एक. सुरक्षिततेची तुलना करताना आधी या प्रती मोजाव्यात.

सिंधुदुर्गातल्या घराला मदत लागते ती कुठे, तेही नेमकं सांगता येतं. पेन्शन आणि ठेवीचं व्याज एवढंच असेल तर ‘सहज’ फॉर्म (आयटीआर-१) खरोखर सहज आहे. पण निवृत्त शिक्षकाची हापूसची कलमं असतील आणि शेतीचं उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांवर गेलं, की ‘सहज’ बंद. आयटीआर-२ भरावा लागतो. शेतीवर कर नाही, पण १९७३ पासून दर ठरवताना ते उत्पन्न हिशेबात धरलं जातं. ते ५ लाखांवर गेलं तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्रफळ, बागायत की पावसावरची, हे सगळं लिहावं लागतं. न्याहारी निवास चालवणाऱ्याला अंदाजी नफ्याचा ‘सुगम’ फॉर्म पुरतो, पण घरामागच्या बागेचं उत्पन्न त्याच ५,००० रुपयांवर गेलं तर तोही नाही, मोठा आयटीआर-३. अशा घरानं जाणत्या माणसाला फी द्यावी. ती फॉर्म कुठला आणि आकडा कुठे, या जाणकारीची असते. फक्त ‘सहज’ची बटणं दाबून देण्यासाठी तेवढीच फी द्यायचं कारण नाही. मुदत चुकवली तर विलंब शुल्क ५,००० रुपयांपर्यंत जातं, ५ लाखांखालच्या उत्पन्नाला १,०००; तेव्हा फीची घासाघीस करत मुदत उलटू देण्यातही शहाणपण नाही.

लॉगिन मात्र फीच्या सौद्यात येत नाही. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्यानं खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढणाऱ्यांवर देशभर दीडशे ठिकाणी कारवाई केली. त्या वेळच्या पत्रकातला एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा होता. काही रिटर्न भरणारे गठ्ठ्यानं रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ई-मेल उघडत आणि नंतर ते सोडून देत. खात्याच्या नोटिसा त्या बेवारस पेट्यांत न वाचता पडून राहत. करदात्याला पत्ताच नाही. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० जणांनी सुधारित रिटर्न भरून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते, असंही त्या पत्रकात होतं. ज्यानं रिटर्न भरून दिलं त्यानं रिफंडातला आपला वाटा कधीच उचललेला होता. व्याज आणि दंड ज्याच्या पॅनवर रिटर्न आहे त्याच्या माथी.

म्हणून पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ई-मेल कुणाचा आहे, ते आजच उघडून बघावं. भाच्याचा, दुकानदाराचा, जुन्या सल्लागाराचा निघाला तर बदलावा. ‘ई-फायलिंग व्हॉल्ट’ चालू केला की नुसत्या पासवर्डनं कुणाला आत शिरता येत नाही. आधारचा ओटीपी किंवा नेट बँकिंग लागतं. दुसऱ्याकडून भरून घ्यायचं असेल तर शेजारी बसून वजावटींचं पान वाचावं आणि मगच ओटीपी स्वतःच्या हातानं टाकावा. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आहे. कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे काही काळ सल्लागारांची गरज वाढेलच. त्यांच्याकडे जाल तेव्हा फीची पावती मागा, नाव आणि सदस्य क्रमांक असलेली. ती द्यायला जो कुरकुर करेल त्याच्याकडून फुकटातही रिटर्न भरून घेऊ नका.