अपिलाचा मतदारसंघ

टेक्सासमध्ये न्यायाधीश निवडणुकीला उभे राहतात, तेही पक्षाच्या नावावर. एवढे ध्यानात ठेवले की १ सप्टेंबर २०२४ रोजी ऑस्टिन या राजधानीत सुरू झालेल्या पंधराव्या अपील न्यायालयाचा इतिहास नुसता कोर्टकचेरीचा राहत नाही.

१८७६च्या राज्यघटनेखाली वरिष्ठ न्यायालयांपुढे खटल्यांचा ढीग साचत गेला. म्हणून १८९१मध्ये घटनादुरुस्ती झाली आणि पुढल्या वर्षी गॅल्व्हेस्टन, फोर्ट वर्थ व ऑस्टिन अशा तीन ठिकाणी दिवाणी अपील न्यायालये बसली. वस्ती आणि काम वाढेल तशी आणखी काढावीत, अशी सोय दुरुस्तीतच होती. १८९३मध्ये सॅन अँटोनियो आणि डॅलसची भर पडली, पुढेही ती पडत राहिली. चौदावे आले १९६७मध्ये, ह्यूस्टनला. गंमत म्हणजे गॅल्व्हेस्टनचे पहिले न्यायालय १९५७मध्येच ह्यूस्टनला हलवलेले होते. म्हणजे एकाच शहरात, त्याच दहा काउंट्यांसाठी दोन अपील न्यायालये! ती व्यवस्था आजही चालू आहे. १९८१पासून या न्यायालयांकडे फौजदारी अपिलेही येऊ लागली.

मग सत्तावन्न वर्षे नवे न्यायालय नाही.

पंधराव्याचे कारण वेगळे होते. सरकारी खाती ऑस्टिनमध्ये, म्हणून सरकारविरुद्धचे बरेचसे दावे तिथल्या ट्रॅव्हिस काउंटीत लागत आणि अपिले ऑस्टिनच्याच तिसऱ्या न्यायालयात जात. त्या न्यायालयाचे सहा न्यायाधीश निवडायचे ते चोवीस काउंट्यांच्या मतदारांनी. नोव्हेंबर २०१८मध्ये त्यांतल्या चार जागा डेमोक्रॅटांनी जिंकल्या. राज्यव्यापी निवडणुकीत मात्र १९९४नंतर या पक्षाचा एकही उमेदवार निवडून आलेला नाही. सगळ्या राज्याला लागू होणाऱ्या कायद्यांचा निकाल चोवीस काउंट्यांनी निवडलेल्यांनी का लावावा, असा रिपब्लिकनांचा सवाल होता. मनाजोगते न्यायाधीश मिळवण्यासाठी मतदारसंघच बदलला जातोय, हे विरोधकांचे उत्तर. दोन्ही बाजूंचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते, आणि इथे ते बहुधा तसेच होते.

सिनेटर जोन हफमन यांचा २०२१चा असाच प्रस्ताव प्रतिनिधीगृहात अडकला होता. २०२३मध्ये त्यांचेच विधेयक मंजूर झाले आणि गव्हर्नर ग्रेग अॅबट यांनी सही केली. राज्य किंवा त्याची खाती पक्षकार असलेल्या दिवाणी दाव्यांची अपिले आता कुठल्याही काउंटीतून आली तरी पंधराव्याकडे. कौटुंबिक दावे, भूसंपादन वगैरे प्रकार वगळले आहेत. पंधराव्याच्याच दिवशी सुरू झालेल्या व्यापारी न्यायालयाची अपिलेही इकडेच वळवली.

आव्हान दिले डॅलस काउंटीने. तिच्या तुरुंगातले काही मनोरुग्ण कैदी सरकारी रुग्णालयात खाट मिळेपर्यंत खोळंबून राहत. त्यावरून काउंटीने राज्याच्या आरोग्य खात्यावर दावा लावला होता, आणि त्याचे अपील तिसऱ्याकडून पंधराव्याकडे जाणार होते. घटना राज्याचे अपील-जिल्ह्यांत विभाजन करायला सांगते, मग अख्खे राज्य हाच एक जिल्हा कसा, असा काउंटीचा युक्तिवाद. मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे कामकाज सुरू व्हायला जेमतेम आठवडा उरला असताना, तो फेटाळला. पहिले न्यायाधीश गव्हर्नरने नेमण्यातही त्याला गैर दिसले नाही.

अॅबट यांनी तिघे नेमले. मुख्य न्यायाधीश स्कॉट ब्रिस्टर पूर्वी सर्वोच्च न्यायालयात होते, तर एप्रिल फॅरिस ह्यूस्टनच्या पहिल्या न्यायालयातून आल्या. तिसरे स्कॉट फील्ड. हे आधी तिसऱ्याच न्यायालयात न्यायाधीश होते. २०१८च्या त्याच निवडणुकीत चोवीस काउंट्यांच्या मतदारांनी त्यांना घरी बसवले होते. पंधराव्याच्या जागांसाठी मतदान मात्र राज्याच्या सगळ्या २५४ काउंट्यांत होते.