आधीं माप, मग बळ

वाशीम जिल्ह्यांतील मालेगांव हें चौरस्त्याचें गांव आहे. अकोल्याहून पातूरमार्गें वाशीम-हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि मेहकरकडून कारंज्यावरून नागपूरकडे जाणारा जुना रस्ता यांची गांठ येथें पडते. 1998 सालीं वाशीम जिल्हा स्वतंत्र झाला. त्यापूर्वीं हें गांव अकोला जिल्ह्यांत मोडत असे. आतां तालुक्याच्या भूमीवरून समृद्धि महामार्गहि गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजीं व अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजीं खुला झाला. ज्या मुलखांत बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या, तेथें आतां मोटारींना ताशीं 120 किलोमीटरांची मर्यादा आहे. रस्त्याचा हा पालट कोणाच्याहि डोळ्यांस दिसतो. परंतु त्यावरून धांवणाऱ्या वाहनांच्या पोटांत जो पालट झाला तो याहून मोठा आहे, आणि बॉनेटखालीं झाल्यामुळें तो सहसा दिसत नाहीं.

हा पालट मुख्यतः दोन साधनांनीं घडविला. इंजिनाला अधिक श्वास देणारा टर्बोचार्जर हें एक, आणि त्याला मोजून घास भरविणारी इलेक्ट्रॉनिक इंधनफवारणी हें दुसरें. आज कित्येक हौशी लोक 1960 नंतरच्या दशकांतील दांडग्या अमेरिकन मोटारींना हीं दोन्ही साधनें मागाहून बसवितात. जुन्या देहांत नवा प्राण घालण्याचा हा उद्योग वरवर पाहतां केवळ बळाचा वाटतो. पण त्यामागचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानांत येतें कीं, बळ मिळविण्याची युक्ति फार पूर्वींच सांपडली होती. अडलें होतें तें मापापाशीं.

पेट्रोलच्या इंजिनाचा नियम साधा आहे. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें 14.7 भाग हवा मिळाली, म्हणजे ज्वलन पुरें होतें. जुन्या मोटारींत हें मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. हवा एका अरुंद कंठांतून वेगानें ओढली जाते, तेथें तिचा दाब उतरतो, आणि बारीक छिद्रांतून पेट्रोल आपोआप वर येऊन तिच्यांत मिसळतें. या यंत्राला बुद्धि नाहीं. निसर्गाचा एक नियम हेंच त्याचें सर्व भांडवल. थंडीच्या सकाळीं त्याला चोक द्यावा लागे, उंच घाटावर हवा विरळ झाली कीं मिश्रणांत पेट्रोल अधिक होई. मग मेकॅनिक कान लावून इंजिनाचा सूर ऐके आणि पेचकसानें पाव फेरा इकडेतिकडे करी. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हां आपल्या देशांत बसगाड्यांना कोळशाच्या वायूच्या भट्ट्या जोडल्या गेल्या. इंजिन तेंच राहिलें, घास मात्र बदलला. बळ घटलें, पण गाडी चालली. जुन्या इंजिनास नवें अंग जोडण्याची कल्पना आपल्याकडे अशी तेव्हांपासूनच परिचयाची आहे.

टर्बोचार्जरची कल्पना तर याहूनहि जुनी. इंजिनांतून जो जळका वायु बाहेर पडतो त्यांत पुष्कळ शक्ति वायां जाते. त्या वायूनें एक चक्र फिरवावें, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रानें ताजी हवा दाबून इंजिनांत भरावी, ही युक्ति स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानें 1905 सालीं पेटंट केली. 1918 सालीं अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर विमानाचें लिबर्टी इंजिन नेलें. समुद्रसपाटीवर साडेतीनशे अश्वशक्ति देणारें तें इंजिन विरळ हवेंत दुबळें झालें होतें. टर्बोचार्जर जोडतांच तें पूर्ववत् झालें. मात्र दाबलेली हवा तापते, आणि फार तापलेलें मिश्रण ठिणगीची ज्योत पोंचण्याची वाट न पाहतां आपोआप स्फोट पावतें. मोटारीच्या भाषेंत यास नॉकिंग म्हणतात. तें वाढलें तर दट्ट्यास भोंक पडावयास वेळ लागत नाहीं.

इंधनफवारणीच्या इतिहासांत महाराष्ट्राच्या ओळखीचीं कांहीं नांवें भेटतात. सोलापुरांत जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनें मुंबईस कुर्ला येथें क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें डॉज, प्लिमथ, डी सोटो या नांवांचीं वाहनें बांधण्यास 1947 सालीं आरंभ केला. त्याच क्रायस्लर कंपनीनें 1958 च्या कांहीं अमेरिकन गाड्यांत बेंडिक्स कंपनीची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही विजेच्या नियंत्रणाची फवारणी बसविली. त्यांत क्रायस्लरबरोबर याच तिन्ही नांवांच्या गाड्या होत्या. पण त्या काळचीं इलेक्ट्रॉनिक उपकरणें उष्णता आणि ओलावा यांपुढें टिकलीं नाहींत. बहुतेक गाड्या परत बोलावून त्यांना कार्ब्युरेटर बसविण्यांत आले.

चार वर्षांनीं टर्बोचार्जरचेंहि असेंच झालें. 1962 सालीं ओल्डस्मोबिल कंपनीनें ‘जेटफायर’ ही 215 अश्वशक्तीची टर्बो मोटार विक्रीस आणली. नॉकिंग टाळण्यासाठीं तिच्यांत पाणी व मिथिल अल्कोहोल यांचें मिश्रण निराळ्या टांकींतून शिंपडलें जाई. मालक ती टांकी भरावयास विसरत, आणि गाडीचें बळ नाहींसें होई. अखेर 1965 सालीं कंपनीनेंच टर्बोचार्जर काढून कार्ब्युरेटर बसवून देण्याचें कबूल केलें. आज लोक कार्ब्युरेटर काढून जीं साधनें हौसेनें बसवितात, तींच एकदां काढून कार्ब्युरेटर परत बसविला गेला होता, ही इतिहासाची गंमत ध्यानांत घेण्याजोगी आहे.

मग बळ हवें असेल तर सोपा मार्ग एकच उरला, तो म्हणजे इंजिन मोठें करणें. 1964 सालीं पॉन्टियाक कंपनीनें मध्यम आकाराच्या गाडींत 6.4 लिटरांचें, 325 अश्वशक्तीचें इंजिन घालून ‘जीटीओ’ काढली, आणि दांडग्या मोटारींचें युग सुरू झालें. त्याच वर्षीं आपल्याकडे फियाट 1100 डिलाइट आली. तिचें इंजिन 1089 घनसेंटिमीटरांचें, आणि बळ सुमारें चाळीस अश्वशक्तीचें. पुढें हीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. बळांत एवढें अंतर असूनहि दोघींचा घास सारखाच, म्हणजे कार्ब्युरेटरनें अंदाजानें दिलेला.

त्या युगाचा अंत दोन गोष्टींनीं केला. 1970 सालीं अमेरिकेंत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला, आणि 1973 सालीं तेलाचें संकट आलें. आतां अंदाज परवडेना. थेंब न् थेंब मोजणें भाग पडलें. जर्मनीच्या बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक फवारणी 1967 सालींच फोक्सवॅगन 1600 या गाडींत आली होती. 1976 सालीं व्होल्व्होच्या गाड्यांत धुरांतील प्राणवायु मोजणारा सेन्सर बसला. 1979 सालीं बीएमडब्ल्यूच्या गाडींत फवारणी आणि ठिणगी या दोहोंचा कारभार एकाच संगणकाकडे गेला. याचें फळ ब्यूइक कंपनीच्या एकाच इंजिनांत दिसतें. 1978 सालीं टर्बोचार्जर व कार्ब्युरेटर असतांना त्या 3.8 लिटरांच्या इंजिनाचें बळ अधिकांत अधिक 165 अश्वशक्ति होतें. 1984 सालीं इलेक्ट्रॉनिक फवारणी आल्यावर तें 200 झालें, आणि 1986 सालीं दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर बसल्यावर 235.

जुन्या गाडीचें परिवर्तन करणारा मनुष्य हाच सारा इतिहास थोडक्यांत पुन्हां जगतो. कार्ब्युरेटरला पेट्रोल चौरस इंचास चार ते सात पौंड दाबानें पुरतें. फवारणीस चाळीस पौंडांहून अधिक लागतो. म्हणून पंप, नळ्या, टांकीकडे परतणारी वाट हें सर्व नवें करावें लागतें. हवेचा दाब, तिचें उष्णतामान, पाण्याचें उष्णतामान, इंजिनाची फिरत, धुरांतील प्राणवायु हीं सारीं मापें संगणकास पुरवावीं लागतात; मग तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत फवाऱ्याचा वेळ ठरवितो. टर्बोचार्जरचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतो, त्याला स्वच्छ तेलाचा अखंड पुरवठा हवा. दट्ट्याचा दाब कमी करावा लागतो, रेडिएटर मोठा लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ब्रेक. बळ दुप्पट झालें आणि ब्रेक जुनेच राहिले तर तें परिवर्तन नव्हे, अपघाताची तयारी होय.

भारतांत या कामास कायद्याचीहि मर्यादा आहे. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 52 प्रमाणें निर्मात्यानें ठरविलेल्या तपशिलांत मालकास मनमानी फेरफार करतां येत नाहीं, आणि 2019 सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि हेंच बजावलें. 2021 सालच्या नियमांनीं पन्नास वर्षांवरील खाजगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी दिली. पण ती मूळ स्वरूप राखलेल्या गाडीलाच, इंजिनांत मोठा फेरफार नसेल तरच. म्हणजे जुन्या गाडीच्या मालकास एक निवड करावीच लागते. तिला इतिहासाची साक्ष म्हणून जपावें, कीं नव्या रस्त्यासाठीं नवें करावें? 2003 सालीं नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून गेली. अशा साक्षी एकदां मोडल्या कीं पुन्हां घडवितां येत नाहींत.

हा प्रश्न केवळ श्रीमंतांच्या छंदाचा नाहीं. 1 एप्रिल 2020 पासून धुराचे बी. एस. 6 हे नियम लागू झाले, आणि नव्या मोटारसायकलींतूनहि कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. मालेगांवसारख्या तालुक्याच्या गांवीं ज्याचा हात कार्ब्युरेटरवर बसला, त्या मेकॅनिकाच्या दारांतहि आतां इंजेक्टरची गाडी उभी राहते. त्याचा पेचकस येथें फारसा चालत नाहीं. संगणकाला जोडून दोष वाचण्याचें यंत्र लागतें. तरीहि त्याचा कान निरुपयोगी झाला असें समजूं नये. संगणक आंकडा सांगतो. त्या आंकड्याचा अर्थ इंजिनाचा श्वास ओळखणाऱ्यासच लवकर कळतो. जुन्या कानाला नवें माप शिकवणें, हें परिवर्तन जुन्या इंजिनास टर्बोचार्जर बसविण्याहून अवघड आहे, आणि अधिक मोलाचेंहि.