प्राजक्ता

दिल्लीच्या कचेरीत कन्येचे नाव 'प्राजक्ता' असे सांगितले की लेखनिक ते दोनदा विचारतो. स्वतःच्या अंगणातल्या हरसिंगाराचेच हे नाव, हे त्याच्या ध्यानी येत नाही. आणि त्यात त्याचा दोष नाही. शब्द संस्कृत भासतो खरा, पण तेथे आहे तो 'पारिजात'. 'पारिजातक' मराठी जिभेवर घोळून 'प्राजक्त' झाला आणि त्या पुल्लिंगी झाडाला आकार जोडून आम्ही ते नाव लेकीला दिले.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात एक लोककथा नोंदविली आहे. पारिजातक नावाच्या सरदाराची कन्या सूर्यावर भाळली. त्याने टाकताच तिने प्राण दिला. तिच्या रक्षेतून हे झाड उगवले. म्हणून त्याची फुले सूर्याचे मुख पाहत नाहीत. कथेत नाव आहे ते बापाला, मुलगी निनावीच! लिनियसने १७५३ साली शास्त्रीय नावातही 'दुःखी वृक्ष' कायम केला. आम्हांस मात्र आठवतो तो सत्यभामेचा हट्ट. झाड तिच्या अंगणी, फुले रुक्मिणीच्या. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हे नाव मराठी घरांत चांगलेच रुळले.

दिल्लीत आमच्या प्राजक्तेच्या शेजारच्या बाकावर एखादी बंगाली शेफाली बसलेली असते. शेफाली म्हणजेही तेच फूल.