‘मूड’ शब्दाची कुळकथा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील एखाद्या मराठी घरात सायंकाळी घटकाभर बसावे, म्हणजे ‘मूड’ हा शब्द दोन-चार वेळा तरी कानी पडतोच. मुलाला अभ्यासाचा मूड नसतो. लोकलच्या गर्दीतून चेंगरून आलेल्या गृहस्थाचा मूड कोणत्या प्रकारचा आहे, हे घरची माणसे दारातच ओळखतात. इंग्रजीतून आलेला हा शब्द मराठीत पुल्लिंगी होऊन, विभक्तिप्रत्यय लेऊन सुखाने नांदत आहे. अशा पाहुण्याचे कूळ एकदा पाहून ठेवावे, म्हणून हा अल्प प्रयत्न.

प्राचीन इंग्रजीत ‘मोद’ असा एक शब्द होता. आपल्या संस्कृत मोदाशी, म्हणजे आनंदाशी, त्याचे नाते जोडण्याचा मोह वाचकांनी आवरावा. हे साम्य केवळ उच्चारापुरते आहे. त्या शब्दाचा अर्थ मन, अंतःकरण, धैर्य असा होता. जर्मन भाषेत त्याचा सहोदर ‘मूट’ आजही धैर्य याच अर्थी वापरतात. ‘मूडी’चे पूर्वरूप ‘मोदिग्’ हे तर शूराचे विशेषण होते. परंतु धैर्याला गर्वाचा शेजार असतोच. इ. स. ९९१ मधील माल्डनच्या लढाईवरील प्राचीन काव्यात सरदार बर्थनॉथ याने ‘ओफरमोद’मुळे, म्हणजे अति अभिमानापायी, शत्रूस पाणी ओलांडून येऊ दिले, असे म्हटले आहे. पुढे शूराचा गर्विष्ठ, गर्विष्ठाचा रागीट आणि रागीटाचा घुम्या अशी या विशेषणाची उतरण झाली. क्रियापदाच्या आज्ञार्थ, विध्यर्थ इत्यादी भेदांना इंग्रजी व्याकरणात जो ‘मूड’ म्हणतात, तो मात्र लॅटिन ‘मोडुस’, म्हणजे रीत, यापासून आलेला निराळाच शब्द होय.

हा शब्द येण्यापूर्वी आपले अडत होते काय? मुळीच नाही. आपल्याकडे मूळचा अरबी असा ‘मिजास’ होता. त्याचा धात्वर्थ मिसळणे असा आहे. रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त या चार रसांच्या मिश्रणावर स्वभाव ठरतो, हे ग्रीक वैद्यकाचे मत अरबी हकिमांनी उचलले, त्याची ही खूण. इंग्रजी ‘टेम्पर’चे मूळही लॅटिनमधील मिसळणेच आहे. आपले वैद्यक तीन दोषांचे; तथापि संतापलेल्या माणसाचे पित्त खवळले असे आपणही म्हणतोच. मराठीत येऊन मिजास म्हणजे घमेंड झाली, आणि ‘मोद’ ज्या वाटेने गर्वाकडे गेला त्याच वाटेने तीही गेली, हे मौजेचे आहे. दुसरा शब्द ‘लहर’. ही मूळची पाण्याची लाट. सर्पदंश झालेल्यास विषाच्या लहरी येतात, आणि ‘आली लहर केला कहर’ ही म्हण तर घरोघर ठाऊक आहे.

तेव्हा शब्दांची वाण नव्हती. मग ‘मूड’च का रुजला? आमच्या मते त्यात एक सोय आहे. ‘लहरी’ म्हटले की दोष दिल्यासारखे होते. ‘मिजास’ म्हटले की भांडणच. ‘मूड नाही’ म्हटले असता कोणीच दोषी ठरत नाही. मूड येतो, जातो, बिघडतो; माणूस नुसता पाहत राहतो. याउलट आपले ‘मन’ घ्या. ते लागत नाही हे खरे. पण ते लावता येते, घालता येते, आवरता येते, वळवताही येते. इंग्रजी ‘माइंड’ हा या मनाचा खरा आप्त. त्याला सोडून आपण ‘मूड’ला जवळ केले, आणि तेही त्याचे धैर्य गळून गेल्यावर.

परकी म्हणून या शब्दास हाकलून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. मिजासही परकीच होती. परंतु घरातील मूल ‘मूड नाही’ म्हणून पुस्तक मिटू लागेल, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यास या शब्दाचा जुना अर्थ अवश्य सांगावा. एके काळी ज्याच्या अंगी हा ‘मूड’ असे, तो संकटासमोर उभा राहत असे.